आतेचे सरकारी रोखे

दुबई,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दिवाळी आठवड्यावर आली असताना घरच्या गोष्टींबरोबर तू माझ्या आवडीचा प्रश्न विचारलास, याचा मनापासून आनंद झाला. जिल्हा बँकेत सारी नोकरी ठेवींच्या खिडकीमागे काढलेल्या माणसालाच सुचावा असा तो प्रश्न आहे: आमच्या रुग्णालयातल्या फिलिपिनो परिचारिका पगार झाला की दोन दिवसांत पैसे घरी पाठवतात हे तू माझ्याकडून अनेकदा ऐकले आहेस, मग त्यांच्या स्वतःच्या नावावर काय उरते? गेल्या दोन महिन्यांत आमच्या एका सहकारी बाईंची सरकारी रोख्यांची, म्हणजे सरकारला ठरावीक मुदतीने दिलेल्या कर्जाची, कागदपत्रे भरून देण्याच्या निमित्ताने मला याचे थोडेफार उत्तर सापडले, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

या बाई बातांगास प्रांतातल्या. आम्ही सारे त्यांना ‘आते’ म्हणतो. तागालोग भाषेत थोरल्या बहिणीला आते म्हणतात. आपल्या ‘आतेभाऊ’मधल्या आतेशी त्याचा काही संबंध नाही, तरी पहिल्या दिवशी तो शब्द कानावर पडला तेव्हा मला परक्या देशात नात्यातले माणूस भेटल्यासारखे वाटले होते. सोळा वर्षे त्या इथे आहेत. त्या पैशांतून घर बांधून झाले, दोन भावंडांची शिक्षणे झाली, आईचे डायलिसिस चालू आहे. आणि २०२० सालापर्यंत त्यांच्या एकटीच्या नावावर, हात लावायला दुसऱ्या कोणाला हक्क नाही अशी, एक पेसोचीही ठेव नव्हती. घरी पाठवलेला पैसा घराचाच होऊन जातो. त्यांच्याकडे ‘उतांग ना लोओब’ असा शब्द आहे. ज्यांनी आपल्याला वाढवले, शिकवले, त्यांचे मनावर असलेले आणि कधीच न फिटणारे ऋण, असा त्याचा अर्थ. हे ऋण मानणाऱ्या मुलीला फोनवर ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि बचत खात्यात शिल्लक आहे हे एकदा घरात माहीत झाले की ती शिल्लक राहत नाही.

आता हे एका घरापुरते नाही. फिलिपाइन्सच्या सांख्यिकी खात्याच्या पाहणीप्रमाणे २०२३ मध्ये परदेशी काम करणारे फिलिपिनो सुमारे २१ लाख ६० हजार होते, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या. परदेशस्थ फिलिपिनोंनी २०२४ मध्ये बँकांमार्फत मायदेशी पाठवलेली रोख रक्कम सुमारे ३,४४९ कोटी अमेरिकी डॉलर होती. एवढा ओघ दिसत असताना कोणत्याही सरकारला त्यावर हक्क सांगावासा वाटणारच, आणि त्या सरकारनेही तो एकदा फार कठोरपणे सांगितला होता. फर्डिनांड मार्कोस अध्यक्ष असताना १९८२ मध्ये ८५७ क्रमांकाचा कार्यकारी आदेश निघाला. परदेशी कामगाराने कामाच्या प्रकारानुसार आपल्या मिळकतीचा ५० ते ८० टक्के भाग बँकांमार्फत मायदेशी पाठवलाच पाहिजे, आणि न पाठवल्यास पासपोर्टच्या नूतनीकरणात अडचण येईल, असे त्यात होते. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया या सक्तीविरुद्ध एकत्र आल्या, त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८५ मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. खलाशांना मात्र आजही मूळ वेतनाचा किमान ८० टक्के भाग घरी पाठवण्याची अट करारातच असते. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण सरकारी रोख्यांचे मोल मला त्याच्यामुळेच कळले. एके काळी हुकूम सोडून पैसा मागणारे राज्य आज त्याच कामगार बाईपुढे व्याजाचा दर, परतफेडीची तारीख आणि रोख्यावर तिचे नाव ठेवून कर्ज मागते आहे, आणि द्यायचे की नाही हे ती ठरवते. हा फरक मला लहान वाटत नाही.

रोख्यांची व्यवस्था तुला चटकन समजेल. तिथल्या ब्युरो ऑफ द ट्रेझरीने, म्हणजे सरकारी तिजोरी खात्याने, २००१ पासून ‘रिटेल ट्रेझरी बॉण्ड’ नावाचे रोखे सामान्य बचतदारांसाठी काढायला सुरुवात केली. किमान गुंतवणूक ५,००० पेसो, पुढे ५,०००च्या पटीत. व्याजदर मुदतभर कायम. व्याज दर तिमाहीला खात्यात जमा. आणि मुदत संपली की मुद्दल परत. विक्री मात्र वर्षभर चालू नसते. सरकारला कर्ज हवे असेल तेव्हा खिडकी उघडते आणि थोड्याच दिवसांत बंद होते. ऑगस्ट २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना चोविसावी मालिका निघाली आणि तिच्याच वेळी ‘बॉण्ड्स डॉट पीएच’ नावाचे मोबाइल ॲप सुरू झाले. त्यामुळे बँकेच्या दारात न जाता रोखे घेता येऊ लागले. आतेने आपल्या आयुष्यातली पहिली स्वतःची ठेव तेव्हा ठेवली: एक लाख पेसो, पाच वर्षांसाठी, २.६२५ टक्क्यांनी.

हा दर वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, आणि ती पडायलाच हवी. हिशेब मी तिच्यासमोर बसून मांडला. वर्षाचे व्याज २,६२५ पेसो. त्यावर २० टक्के कर उगमातच कापला जातो. म्हणजे तिमाहीला हातात ५२५ पेसो, आणि पाच वर्षांच्या वीस तिमाहींत १०,५०० पेसो. याच काळात फिलिपाइन्समधली महागाई २०२२ मध्ये सरासरी ५.८ टक्के आणि २०२३ मध्ये ६ टक्के होती. मुद्दल पूर्ण परत आले, एक दिवस उशीर झाला नाही, तरी त्या एक लाखात तांदूळ पूर्वीपेक्षा कमी येतो. दुसरा तोटा चलनाचा. २०२० मध्ये डॉलरला सुमारे ४९ पेसो पडत होते आणि या ऑगस्टमध्ये सुमारे ५७. इथला दिरहम डॉलरला बांधलेला असल्यामुळे तिने त्या वेळी साधारण साडेसात हजार दिरहम घालून घेतलेला रोखा संपला तेव्हा दिरहमांत साडेसहा हजारांच्याही किंचित खालीच भरला. ‘सरकारी आहे म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य तू आणि मी हजार वेळा उच्चारले असेल. त्यात मुद्दलाची सुरक्षितता असते, त्याच्या खरेदीशक्तीची नसते, हे खिडकीपलीकडच्या माणसाला सांगणे आपले कर्तव्य आहे असे मला आता फार वाटते.

तरीही तिने ऑगस्टमध्ये, पहिला रोखा संपल्यावर सुमारे आठवड्याभराने निघालेल्या एकतिसाव्या मालिकेत तीन लाख पेसो पुन्हा पाच वर्षांसाठी गुंतवले. या वेळी दर ६ टक्के आहे. कर वजा जाता तिमाहीला ३,६०० पेसो येतील. मी तिला सगळे तोटे सांगून झाल्यावर विचारले की मग पुन्हा हेच का. ती म्हणाली, पाच वर्षांत घरून अकरा वेळा मोठ्या रकमेची मागणी आली, आणि अकराही वेळा मला खोटे न बोलता सांगता आले की पैसे सरकारकडे आहेत, २०२५ पर्यंत येणार नाहीत. मित्रा, व्याजाच्या तक्त्यात हा रकाना नसतो, पण ज्याने लांब राहून घर चालवले आहे त्याला तो दिसतो. रोखा मुदतीआधी बँकेमार्फत बाजारात विकता येतो, हे खरे आहे. पण त्याला खटपट करावी लागते, आणि दरम्यान व्याजदर चढले असतील तर दर्शनी किमतीपेक्षा कमी पैसे हाती येतात. २०२२ मध्ये दर वाढले तेव्हा आधीचे दोन-अडीच टक्क्यांचे रोखे विकायला काढणाऱ्यांच्या वाट्याला हाच तोटा आला असणार. ही अडचण तिच्यासाठी कुलपासारखी ठरली. मोडणे अशक्य नाही, पण मोडण्याआधी चार वेळा विचार करावा लागतो.

डॉलरमधल्या रोख्यांविषयीही तू विचारशील. तेही आहेत. २०२१ मध्ये सरकारने पहिल्यांदा किरकोळ गुंतवणूकदारांसाठी देशांतर्गत डॉलर रोखे काढले: किमान ३०० डॉलर, पाच वर्षांना १.३७५ टक्के आणि दहा वर्षांना २.२५ टक्के. २०२३ मध्ये दुसरी मालिका आली तेव्हा किमान रक्कम २०० डॉलरवर आणली होती, मुदत साडेपाच वर्षे आणि दर ५.७५ टक्के. दिरहमांत कमावणाऱ्याला डॉलरचा रोखा स्वाभाविक वाटतो, आणि पेसो घसरण्याची भीती असेल तर तो योग्यही आहे. पण आते निवृत्त होणार बातांगासमध्ये, भाजी घेणार पेसोत, औषधे घेणार पेसोत. तिने मिळकत ज्या चलनात होते त्याकडे न पाहता खर्च ज्यात होणार आहे त्याकडे अधिक पाहावे, आणि सगळी शिल्लक एकाच चलनात ठेवू नये, असे माझे मत मी तिला सांगितले. डॉलरची पुढली मालिका निघाली तर थोडे तिकडे वळवायचे तिने ठरवले आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. निव्वळ परताव्याकडे पाहिले तर रोख्यांपेक्षा सरस योजना त्यांच्याच सरकारी गृहनिधीकडे आहे. त्या निधीचे नाव पाग-इबिग, म्हणजे तागालोगमध्ये ‘प्रेम’. त्याच्या एमपी२ नावाच्या पाच वर्षांच्या बचतीत ५०० पेसोंपासून भर घालता येते, लाभांश करमुक्त असतो, आणि तो २०२३ साठी ७.०५ टक्के व २०२४ साठी ७.१० टक्के जाहीर झाला होता. दर आधी ठरलेला नसतो, निधीच्या कमाईवर अवलंबून असतो, एवढाच त्यातला अनिश्चित भाग. म्हणून आम्ही दोघांनी मिळून असे योजले की रोख्याचे तिमाही व्याज एमपी२ मध्ये भरायचे. ३,६०० पेसोंत ५,०००चा नवा रोखा येत नाही, पण एमपी२ मध्ये ते ताबडतोब कामाला लागतात. तुझ्या अनुभवी नजरेला यात काही खोट दिसत असेल तर अवश्य कळव.

इथल्या वसतिगृहांत या दोन्ही योजनांपेक्षा अधिक प्रचार असतो तो ‘पालुवागान’चा, म्हणजे नेमकी आपली भिशी: दहा-बाराजणींनी दरमहा ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. ओळखीच्या मंडळींत ती चांगली चालते. पण तिच्या आडोशाने येणाऱ्या दामदुपटीच्या योजनांनी या लोकांची फार हानी केली आहे. २०१९ मध्ये गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सिक्युरिटीज कमिशनने ‘कापा’ नावाच्या एका धार्मिक म्हणवणाऱ्या संस्थेची नोंदणी रद्द केली. ती ‘देणगी’वर महिन्याला ३० टक्के देण्याचे सांगत होती. महिन्याला तीस टक्क्यांची भूल पडलेल्या माणसाला वर्षाला सहा टक्क्यांचे महत्त्व पटवणे किती कठीण असते, हे आपल्याकडच्या बुडालेल्या योजनांनंतर खिडकीशी रडणारी माणसे पाहिलेल्या तुला मी काय सांगावे!

सोय अजून हवी तेवढी झालेली नाही. रोखे घ्यायला फिलिपाइन्समधल्या बँकेत खाते लागते, ओळखीचे कागद लागतात, करदात्याचा क्रमांक लागतो, आणि वर्षानुवर्षे बाहेर राहिलेल्या बाईचे यांतले काहीतरी एक कालबाह्य झालेले असते. यासाठीच सरकारने जुन्या टपाल बचत बँकेचे रूपांतर करून २०१८ मध्ये ओव्हरसीज फिलिपिनो बँक सुरू केली. ती सरकारी मालकीच्या लँडबँकेची उपकंपनी आहे आणि तिचे खाते परदेशातून मोबाइलवर उघडता येते. आतेचे हे खाते उघडायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या, कारण जुन्या ओळखपत्रावरचे आडनाव लग्नापूर्वीचे होते. विक्रीची खिडकी इतके थोडे दिवस उघडी असते की तीन संध्याकाळींनी खरोखर धाकधूक लावली. जो खलाशी त्या दिवसांत भर समुद्रात असेल त्याने काय करावे? किरकोळ रोख्यांची विक्री दर महिन्याला ठरावीक दिवशी झाली, रक्कम लहान असली तरी चालेल, तर या लोकांना ते अधिक उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते. आपल्या रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सुविधा २०२१ पासून आहे आणि तीत अनिवासी भारतीयांनाही सरकारी रोखे घेता येतात. इथल्या किती मराठी मुलांना ते ठाऊक आहे, याची चौकशी मी आता मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात करणार आहे. तुझ्याकडे त्याविषयी सोप्या मराठीत लिहिलेले एखादे टाचण असेल तर लवकर पाठव.

आतेच्या रोख्याचे पहिले व्याज २० नोव्हेंबरला जमा व्हायचे आहे. त्या दिवशी दोघांनी मिळून खाते उघडून पाहायचे ठरले आहे, आणि एमपी२ चा पहिला भरणाही तेव्हाच करायचा आहे. काय झाले ते कळवीन.

वहिनींना सादर नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता कसा आहे ते उत्तरात लिहायला विसरू नकोस.

तुझाच,
जुना वर्गमित्र