दादांचा ट्रान्झिस्टर आणि लॅपटॉपची घरघर

सासवड,
रविवार

प्रिय नंद्या,

काकूंसाठी आकाशवाणीवरची सकाळची भक्तिगीतं रेकॉर्ड करायची म्हणतोस, तर आधी हे वाच. रेडिओशेजारी मोबाइल ठेवून मीही करून बघितलं होतं. अभंगापेक्षा आमच्या कुकरच्या शिट्ट्याच जास्त आल्या.

दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली वायर आण. एक टोक रेडिओच्या इअरफोनच्या भोकात घाल. दुसरं कुठे, तिथेच सगळा घोटाळा. तुझ्या डेस्कटॉपच्या मागे निळं भोक असेल, ते लाइन-इन, तिथेच लाव. गुलाबी माइकचं, त्याला बारीकशा आवाजाची सवय. मी हौसेने गुलाबीत खुपसली, तर बुवांच्या घशात खडे भरल्यासारखा आवाज फाटला. लॅपटॉपला बहुधा निळं भोक नसतंच. मी यूएसबी साउंड कार्ड घेतलं, पण लाइन-इन आहे ना ते बघूनच घे.

पिन घातली की रेडिओचा स्पीकर गप्प होतो. आमचे दादा तरातरा आले, "बिघडवलास ना!" त्यांना लॅपटॉपचा हेडफोन लावून दिला तेव्हा शांत झाले.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो, म्हणजे एकपदरी आवाज, निवड. जुना ट्रान्झिस्टर मोनोच असतो, स्टिरिओ घेतलंस तर गाणं एकाच कानात वाजेल. रेडिओचा आवाज पावच ठेव आणि ऑडॅसिटीतली आवाजाची पट्टी उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

एवढं करूनही पुणे केंद्रावर, मिडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झला, एकसारखी घर्रर्र! दोन वायरी बदलल्या, साउंड कार्डाला शिव्या घातल्या. मग वीज गेली आणि घरघर थांबली. चोर निघाला लॅपटॉपचा चार्जर! मिडियम वेव्हवर चार्जर, एलईडी दिवे, सगळेच तोंड घालतात. म्हणून रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढ, रेडिओ सेलवर चालव आणि लॅपटॉपपासून चांगला लांब ठेव. मग तो जागच्या जागी हळूहळू फिरव. आतली फेराइटची कांडी हीच त्याची अँटेना, तिला दिशा कळते, एका कोनात खरखर बसते. आमच्याकडे तो कोन नेमका देवाकडे पाठ केल्यावर सापडला. आई अजून धुसफुसतेय.

तासाभराची मोनो वेव्ह (.wav) फाइल ३०० एमबीच्या वर जाते, तेव्हा काकूंच्या पेन ड्राइव्हसाठी एमपी३ करून घे.

काल पहाटेचं रेकॉर्डिंग दादांना ऐकवलं. अगदी स्वच्छ. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "आणि कुकर कुठंय?"

तुझा,
बाळ्या