मित्रास पत्र: ‘कॉफ अप’चे दोन अर्थ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘ही फायनली कॉफ्ड अप द मनी’ (शेवटी त्याने नाखुशीने पैसे काढले) या इंग्रजी वाक्यात पैशांचा खोकल्याशी काय संबंध, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

‘कॉफ अप’ (cough up) या क्रियापदाचा मूळ अर्थ नुसते खोकणे असा नसून घशात किंवा छातीत अडकलेले काही खोकून बाहेर काढणे असा आहे. रुग्णाला रक्त किंवा बेडका पडतो का, हे डॉक्टर याच शब्दांत विचारतात, आणि तेथील ‘अप’ खरोखरच वरची दिशा दाखवतो. (आपल्या ‘कफ’ या शब्दाशी उच्चार जुळत असला, तरी नाते काही नाही, इंग्रजी शब्द खोकण्याच्या आवाजावरून आला आहे.)

आता छातीच्या जागी खिसा किंवा मन ठेव. घट्ट धरून ठेवलेले पैसे अथवा दडवलेली माहिती, कोणी तगादा लावल्यावर, मनाविरुद्ध बाहेर काढणे हा लाक्षणिक अर्थ झाला. यातील नाखुशी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण दंड, थकलेले भाडे किंवा जुनी उधारी यांना हे क्रियापद शोभते, पण आनंदाने दिलेल्या देणगीला मुळीच शोभत नाही. ‘पोलिसांपुढे त्याने सगळे ओकून टाकले’ असे आपण म्हणतो, तेव्हा मराठीही शरीराचीच क्रिया माहितीला लावते. पैशांसाठी मात्र ‘कनवटीचे काढावे लागले’ हे मला अधिक जवळचे वाटते.

कोणता अर्थ घ्यायचा, हे बहुधा कर्मावरून कळते. कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच येते: ‘कॉफ इट अप’ बरोबर, ‘कॉफ अप इट’ चूक. अमेरिकेतील खेळांच्या बातम्यांत हेच क्रियापद हातातील चेंडू किंवा आघाडी गमावण्यासाठीही येते. तेथे नाखुशीने देणे नसते, हातचे निसटणे असते, म्हणून तो अर्थ वेगळाच लक्षात ठेव.

मित्रांमध्ये ‘कॉफ इट अप’ म्हणजे ‘काढ पैसे’ किंवा ‘बोल पटकन’ इतकेच; अनोळखी माणसाला मात्र ते दरडावणे वाटेल. म्हणून थकबाकीदाराला तू जे पत्र लिहिणार आहेस, त्यात साधे ‘पे’ हेच क्रियापद ठेव, आणि मसुदा पाठवण्यापूर्वी मला दाखव.

तुझा स्नेही