चौकटीतला पाऊस आणि वावरातला पाऊस

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

तुझं पत्र मिळालं, सोबतच्या दोन्ही फाईली उघडून पाहिल्या. तू सरळच विचारलंस, "तुमच्याकडची हवामान केंद्रं धड चालत नाहीत, मग विदर्भासाठी संगणकावरच्या हवामान मॉडेलचाच डेटा घेतला तर काय बिघडतं?" पुष्कळ बिघडतं लेका. कुठं, ते सांगतो.

आधी ती कॉर्डेक्सची, म्हणजे प्रादेशिक हवामान मॉडेलांच्या जागतिक प्रकल्पाची, फाईल बाजूला ठेव. जागतिक मॉडेलच्या आधारानं चालवलेलं प्रादेशिक मॉडेल तारखा पाळत नाही. त्यातलं २०१३ म्हणजे आपल्याकडं अतिवृष्टीनं पिकं वाहून नेली ते २०१३ नव्हे. त्या काळच्या हवामानात असंही एखादं साल होऊ शकलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांची सरासरी, ऋतूचं वळण, टोकाचे दिवस किती येतात, हे खुशाल ताडून पाहा. पण १२ जुलैला १२ जुलै लावून सहसंबंध काढशील तर हाती काही लागायचं नाही, आणि तो दोष मॉडेलचाही नाही.

आता दुसरी, युरोपियन हवामान केंद्राची ईआरए५, म्हणजे होऊन गेलेलं हवामान मॉडेलनं पुन्हा मांडलेलं. ती तारखा पाळते. १९४० पासून तासातासाचे आकडे, उपग्रहांची आणि केंद्रांची निरीक्षणं त्यात मिसळलेली. वाऱ्याचं, दाबाचं, तापमानाचं काम बरंच चोख. पाऊस मात्र मॉडेल स्वतःच पाडतं. आपल्याकडच्या पर्जन्यमापकात किती पाणी साचलं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्यात चौकटीचा घोळ. मॉडेल नकाशावर चौकटी आखतं आणि एका चौकटीला एकच आकडा देतं. पाव अंशाची चौकट आपल्या अक्षांशावर सव्वासातशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. समज, ढग फुटला आणि त्यातल्या दीडशे चौरस किलोमीटरवर ८० मिमी कोसळला, बाकी सगळं कोरडं. चौकटीची सरासरी येते साधारण १७ मिमी. आपल्याकडं महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, मग पंचनामे. १७ वर कोण विचारतो? पर्‍हाटी पाण्याखाली आणि तुझ्या कागदावर बरा पाऊस. बैलाचं एक शिंग ओलं अन् एक कोरडं, असा आपला पाऊस. मॉडेल दोन्ही शिंगं थोडीथोडी भिजवून मोकळं होतं.

मला याहून जास्त खुपतं ते पावसाच्या खंडाचं. मॉडेलांची जुनी खोड तुला ठाऊकच आहे: जोराचा पाऊस कमी पाडायचा आणि रिपरिप मात्र रोज. हंगामाची बेरीज जवळपास जुळते, म्हणून माणूस फसतो. जुलैत पंधरा-वीस दिवस आभाळ नुसतं भरून येतं, पडत काही नाही, सोयाबीन दुपारी मान टाकतं. तेव्हा चौकटीत रोज एक-दीड मिमी पडतच असतो. शून्यावर खंड मोजलास तर तुझ्या विदर्भात खंड पडायचाच नाही! हवामान खात्याचा पावसाळी दिवस २.५ मिमीपासून धरतात, निदान तो उंबरठा लाव. पेरणीचंही तेच. कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका. ती बेरीज तीन दमदार पावसांत झाली की महिनाभराच्या भुरभुरीत, यावर दुबार पेरणी ठरते.

एक साधी गोष्ट, पण भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. केंद्रावर पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचं पाणी त्या दिवसाच्या नावावर लिहितात. तुझी फाईल जागतिक वेळेची, तिचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. १४ तारखेला रात्री अकराला वादळी पाऊस आला तर आमच्या वहीत तो १५ ला, तुझ्याकडं १४ ला. मॉडेलला शिव्या देण्याआधी घड्याळं जुळव.

तापमानाचं एवढंच: चिखलदरा अकराशे मीटरवर, पायथा कितीतरी खाली, चौकट दोन्ही एकत्र मळते. चौकटीची उंची ७०० मीटर धरली असेल तर हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबानं अडीचेक अंश तिथंच गेले. आधी उंचीची दुरुस्ती कर, मग चूक मोज.

आमचीही बाजू धुतल्या तांदळाची नाही. जवळच्या एका स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. पाणी वर तुंबायचं, थेंबथेंब उतरायचं, आणि धो-धो पावसाची नोंद तासभर रेंगाळत राहायची. शेजारी कडुनिंब. अडथळा जेवढा उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर हवं. केंद्र बसवलं तेव्हा असेलही, झाड काय वाढायचं थांबतं? २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका यंत्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. असल्या वेळी तुझं मॉडेल खरं कामाला येतं. आजूबाजूच्या चौकटी ४५ म्हणत असताना एकच केंद्र ५६ म्हणतंय, तर आधी तिथं जाऊन बघा. पण संत्र्याच्या विम्याचा ट्रिगर, म्हणजे भरपाई मिळायची हवामानाची अट, लागला की नाही हे मंडळाच्या केंद्रावरच ठरतं, चौकटीवर नाही. म्हणून केंद्र सोडून द्यायला माझा विरोध. ते नीट ठेवायला हवं.

तू म्हणतोस, केंद्राच्या आकड्यांनी मॉडेलची दुरुस्ती करून घेऊ. कर, पण त्यानं पावसाचं वाटप, म्हणजे कमी-जास्त पाऊस किती दिवस ते, सुधारतं, पावसाची तारीख हलत नाही. आणि ज्या केंद्रावर कडुनिंबाची सावली आहे त्याच्यावर मॉडेल बसवलंस, तर सावलीही फाईलीत उतरेल.

तासातासाचा डेटा पाठव, दिवसाचा नको. मी वहीच्या पानांचे फोटो पाठवतो. काही पानांवर रकाने कोरे आहेत; तिथं शून्य भरू नकोस, कोरेच ठेव. बंद यंत्राचा शून्य आणि कोरड्या दिवसाचा शून्य एकदा फाईलीत मिसळले की ब्रह्मदेवालाही वेगळे करता यायचे नाहीत. चिखलदऱ्याची चौकट कोणती धरलीस तेही कळव.

वहिनींना नमस्कार. हुरड्याला यायचं नक्की कर, तूर वाळायच्या आत.

तुझा,
दारव्हेकर दोस्त