तिशीतल्या फॉरवर्डला बसवू नका

महोदय,

नाशिकच्या स्थानिक फुटबॉलमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. फॉरवर्डने, म्हणजे गोल करण्यासाठी पुढे खेळणाऱ्याने, तिशी गाठली की त्याला एकतर बचावात ढकलायचे, नाहीतर बाकावर बसवायचे. कारण ठरलेले, ‘आता वेग राहिला नाही’.

इंग्लंडच्या खालच्या लीगमधला जेमी क्युरटन पाहा. जन्म १९७५ चा, उंची साधारण पाच फूट आठ इंच. २००६-०७ च्या हंगामात, ३१ व्या वर्षी, कोल्चेस्टर क्लबकडून २३ गोल करून तो दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. प्रीमियर लीगपासून थेट दहाव्या पायरीपर्यंत प्रत्येक स्तरावर त्याच्या नावावर गोल आहे, आणि तळाच्या पायऱ्यांवरचे गोल चाळिशी उलटल्यावरचे आहेत. इंग्लंडचाच दुसरा फॉरवर्ड रिकी लॅम्बर्ट तर तरुणपणीही वेगासाठी ओळखला जात नव्हता. तिसऱ्या श्रेणीतून साउदॅम्प्टन क्लबबरोबर वर आला, २०१३ मध्ये ३१ व्या वर्षी इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध उतरला आणि पहिल्याच स्पर्शाला हेडरने गोल केला. साउदॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्टी मारल्या, ३४ च्या ३४ आत.

वय वाढले की लांब पल्ल्याची धाव आणि लागोपाठ स्प्रिंट मारण्याची ताकद आधी कमी होते. गोलसमोरच्या बॉक्समधले काम मात्र दोन-तीन पावलांचे असते. क्रॉस, म्हणजे कडेच्या विंगवरून गोलसमोर मारलेला चेंडू, येण्याआधी डिफेंडरच्या पाठीमागच्या बाजूला उभे राहायचे, म्हणजे त्याला चेंडू आणि आपण एकाच वेळी दिसत नाही. आधी दोन पावले लांबच्या पोस्टकडे, तो हलला की वळून जवळच्या पोस्टकडे. ही हालचाल क्रॉस मारणाऱ्याने मान वर केल्यावर करायची. आपल्याकडची पोरे चेंडू विंगला गेला की लगेच गोलसमोर धावत सुटतात आणि क्रॉस येईपर्यंत गोलरक्षकाच्या अंगावर जाऊन थांबतात. तिशीतला खेळाडू थांबायला शिकलेला असतो. शिवाय थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून चेंडू थेट आला तर ऑफसाइड (बचावफळीच्या पुढे उभे राहिल्याचा फाउल) नसते, हेही तो वापरतो.

सरावाची गडबड वेगळीच. सावरपाड्याच्या कविता राऊतसारखी धावपटू देणारा हा जिल्हा, त्यामुळे दम म्हणजे लांब धावणे हे आपल्या डोक्यात पक्के. फॉरवर्डलाही गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर फेऱ्या मारायला लावतात. त्याला हव्यात दहा ते वीस मीटरच्या सहा-आठ स्प्रिंट, प्रत्येकीनंतर पूर्ण विश्रांती, आठवड्यातून दोनदा. पूर्ण वेगाची धाव सरावात कधी घेतलीच नाही, तर ती पहिल्यांदा सामन्यात पडते आणि मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, तिथेच खेचला जातो. पाय पुढे फेकून जमिनीला टेकवण्याच्या बेतात असताना हॅमस्ट्रिंग ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला पायाचा वेग आवरायचा असतो. फाटतो तो बहुधा तेव्हाच.

त्यावरचा उपाय फुकटचा आहे, नॉर्डिक कर्ल. गुडघे सतरंजीवर टेकायचे, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितके हळू पुढे झुकायचे, तोल सुटला की हातांवर पडायचे आणि हातांनीच ढकलून परत यायचे. कमरेत वाकलात तर उपयोग शून्य. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाचचे दोन सेट. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, सहाचे दोन. तिसऱ्यापासून आठवड्याला तीनदा, तीन सेट, आणि आकडा हळूहळू आठ-दहापर्यंत. हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा पुरे, पण सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. नियमित केल्यास हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. सुरुवातीच्या दिवसांत मांड्या इतक्या भरून येतात की बहुतेक जण तिथेच सोडून देतात. पहिल्याच दिवशी दहाचे तीन सेट मारणाऱ्यांचे तर हमखास असे होते.

एकदा खेचलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याची शक्यता मोठी असते. चालताना दुखत नाही म्हणजे बरा झाला, असे नव्हे. पूर्ण वेगाच्या स्प्रिंट दोन-तीन सरावांत न दुखता झाल्या, तरच सामना. दुखणे दाबणारा फवारा मारून खेळाडूला उतरवणे बंद करा.

मैदानाचा हिशेबही हवा. मे महिन्यात आपली काळी माती वाळून दगड होते, त्यावर मुरूम. तिथे लांब स्टडचे बूट घातले की स्टड रुततच नाहीत, सगळा भार टाचेवर आणि चवड्यावर येतो. आखूड, भरपूर स्टडचे किंवा टर्फ शूज घालावेत. पावसाळ्यात उलटे. चिकण माती आखूड स्टडच्या मधे भरून तळवा तव्यासारखा सपाट होतो आणि पाय घसरतो. तेव्हा लांब, विरळ स्टड, आणि मध्यंतरात काडीने माती काढणे. कृत्रिम टर्फवर लांब पात्यांचे स्टड टाळाच. पाय अडकतो, अंग वळते आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो.

राहता राहिले आयोजक. एका दिवसात दोन सामने आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी, ही आपली पद्धत फॉरवर्डचे पाय मोडते. जोरदार सामन्यानंतर स्नायू सावरायला ४८ ते ७२ तास लागतात. मैदान आणि पैसा यामुळे तेवढे अंतर ठेवणे प्रत्येकाला जमणार नाही, हे मान्य. मग निदान बाहेर गेलेल्या खेळाडूला परत उतरू द्या. २०१७ पासून खेळाच्या नियमांनीच युवा, प्रौढ (व्हेटरन) आणि स्थानिक स्तरावरील सामन्यांत त्याला वाव दिला आहे, राष्ट्रीय संघटनेची संमती मात्र लागते. आयोजकांनी स्पर्धेआधीच संघटनेकडे विचारणा करावी आणि हा नियम प्रवेशपत्रिकेवर छापावा. म्हणजे ३६ वर्षांचा फॉरवर्ड पहिली पंधरा मिनिटे खेळून बसेल आणि डिफेंडर दमले की शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा उतरेल.

– एक फुटबॉल प्रशिक्षक, सिडको, नाशिक