उत्तरवाऱ्याचं जहाज

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, माझा आवाज बसला होता तो रात्रपाळीमुळे, थंडीने नाही. हीटर आहे आणि मी तो लावते. बिलाच्या भीतीने बंद ठेवत नाही.

बाबा, खास तुमच्यासाठी एक गोष्ट. मी राहते त्या इंग्लंडातल्या हल शहरात 1774 मध्ये ‘बोरियास’ हे जहाज बांधलं. ब्रिटिश आरमाराचं, शिडाचं, 28 तोफांचं. बोरियास म्हणजे ग्रीकांचा उत्तरवाऱ्याचा देव. आपल्या हर्णैला होडीवर ‘पवनपुत्र’ लिहितात, तसंच हे.

पण देव पुरुष असला तरी जहाजाला इथे ‘ती’च म्हणायचं! आपली होडी ती, जहाज ते, पडाव तो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. इंग्रजीत मात्र टेबल, घर, गाडी, सगळ्या निर्जीव वस्तूंना एकच सर्वनाम. फक्त जहाज तेवढं बाईमाणूस. वॉर्डातले एक आजोबा पूर्वी आइसलँडकडे मासेमारीला जायचे. त्यांच्याशी बोलताना मी तीनदा चुकले आणि त्यांनी तीनदा, ऑक्सिजनची नळी बाजूला करून, मला सुधारलं. कारण विचारलं तर म्हणाले, ती तीच असते.

तर ही ‘बोरियास’ 1784 मध्ये वेस्ट इंडिजला निघाली. कप्तान होरेशियो नेल्सन, वय 25. जहाजावर शिकाऊ पोरं बरीच होती. एखादं डोलकाठीवर चढायला घाबरलं तर तो ओरडत नसे. मी वर जातोय, तिथे भेटू, म्हणायचा आणि स्वतः चढायचा. वर पोचल्यावर भीतीचा विषयही काढायचा नाही. त्या प्रवासात असलेल्या लेडी ह्यूज यांची ही आठवण आहे. वाचताना मला आमची सीनियर सिस्टर आठवली. पहिल्या आठवड्यात फोनवरचं इंग्रजी कळेना, तेव्हा ती शेजारी उभी राहिली, बोलली काहीच नाही. म्हणून म्हणते, मी इथे एकटी नाही. काळजी करू नका.

याच नेमणुकीत, 11 मार्च 1787 ला, नेल्सनचं नेव्हिस बेटावर लग्न झालं. वडील तिकडे इंग्लंडात. ते पान मी पुढे वाचलंच नाही.

आता मनूच्या लग्नाचं. रजा पाचच दिवसांची मिळतेय, त्यातले तीन येण्याजाण्यातच जातील. दोनदा अर्ज केला, बाबा. खरंच केला. 1 लाख 20 हजार पाठवलेत. हॉलचे आणि दागिन्यांचे भागतील. तिकिटाचे वाचले तेही त्यातच घातले आहेत. आई, माझी हिरवी पैठणी मनूला नेसव, मी मागणार नाही.

हळदीला फोन कुणाच्या तरी हातात द्या. साखरपुड्याला तो खुर्चीवर ठेवलात आणि मला नुसता पंखा दिसत राहिला. मी तरी शेवटपर्यंत बघत होते.

तुमची,
सुलू