तुझ्यासाठी केलेलं गाडगं

सांगली,
चैत्रातली भर दुपार

प्रिय मित्रा,

‘या वयात चिखलात हात घालायचं काय खूळ घेतलंस?’ असं विचारलंयस. खूळच आहे. चार महिने झाले, हरिपूरच्या वाटेवर एका कुंभारकाकांकडे रोज संध्याकाळी जातो. नखं काळी, बायकोची कुरकुर, सगळं यथासांग चालू आहे.

पहिला बरा जमलेला माठ मी नटवला. निळा ऑइलपेंट, वर वेलबुट्टी. घरात कौतुक झालं. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही नळासारखंच कोमट! काका हसत सुटले. माठातलं पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येतं, वाऱ्यानं उडतं आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं. मी ती छिद्रंच बुजवली होती. लहानपणी ज्या लिदीच्या वासानं आपण नाक धरून पळायचो, ती मातीत उगाच मळत नाहीत रे. आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात.

काकांच्या गाडग्यावर एक रेघसुद्धा नसते. काठ तेवढा किंचित बाहेर वळलेला. ते वळण मी कितीतरी वेळ बघत बसलो. न राहवून विचारलं, “हे असं कसं सुचलं?” तर म्हणाले, “मग उचलायचं कुठं धरून?”

चाकाचं तंत्र महिन्याभरात थोडंफार आलं. छळतं ते थापटणं. अर्धवट सुकलेल्या भांड्यात आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून ठोकत भिंत पातळ करत न्यायची. जरा घाई झाली की हात आरपार. भाजून निघालं की टिचकी मारून बघायचं. पक्कं असेल तर खणकतं, तडा असेल तर भद्द वाजतं. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेव कच्चे निघाले, ही कीर्तनातली गोष्ट हल्ली मला फार लागते. माझी तीन गाडगी ओल राहिल्यामुळे आव्यातच फुटली.

चौथं टिकलंय, ते भाच्याबरोबर पाठवतोय. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. साबण लावू नकोस, माती तो पिऊन टाकते. दही लावशील तेव्हा खाली ताटली ठेव. पाणी झिरपेल, दही घट्ट लागेल. काठ एका बाजूला बसलाय, तिथं माझा अंगठा घसरला होता. वहिनींनी नावं ठेवली तर माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
बाकावरचा जोडीदार