ताजमहाल बागेच्या मध्यावर नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सहलींच्या पानावर ताजमहालाचा फोटो होता आणि खाली 'प्रेमाचे प्रतीक' एवढीच ओळ. मी निवृत्त आरेखक आहे. ३२ वर्षे नकाशेच काढले, म्हणून चार शब्द लिहितो.

दिवाळीनंतर आम्ही उभयता इथल्याच एका सहलीबरोबर आग्र्याला गेलो. आत दीड तास मिळाला, त्यातला निम्मा बाकावरच्या फोटोच्या रांगेत गेला. गाइडने कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट सांगितली, शाहजहान स्वतःसाठी नदीपलीकडे काळा ताज बांधणार होता, हीही सांगितली. दोन्हींना पुरावा नाही. अक्षरे लिहिणाऱ्या अमानत खानाचे नाव तर तिथल्या भिंतीवरच कोरलेले आहे. ते दाखवले असते तर किती बरे झाले असते!

दिल्लीत हुमायूनची कबर चारबागेच्या, म्हणजे पाटांनी चार भाग केलेल्या बागेच्या, बरोबर मध्यावर आहे. ताजमध्ये मध्यावर संगमरवरी हौद आहे आणि कबर पार उत्तरेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर. असे का, याचे उत्तर पैलतीरावर मिळते. तिथे मेहताब बाग आहे, ताजच्या बागेएवढीच रुंद, त्याच रेषेत. काळा ताज शोधायचा तो तिथेच. पण १९९० च्या दशकातल्या उत्खननात निघाले मोठे अष्टकोनी तळे. ताजचे प्रतिबिंब पडावे अशीच त्याची जागा. दोन्ही बागा एका कागदावर काढून पाहा, नदीसुद्धा बागेतला पाट वाटू लागते.

आपल्या कोल्हापूरकरांना ही रेषेची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वारातून येऊन अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात, आणि वाटेत कुणाचा एखादा मजला आडवा आला तर सारे गाव हळहळते. ताजचे महाद्वारही त्याच नजरेने पाहायला हवे. त्यावर कुराणातला अध्याय, सूरह अल्-फज्र, कोरला आहे. त्याचा शेवट शांत झालेल्या जीवाला स्वर्गात बोलावतो. म्हणजे दारातून आत पाऊल टाकले की पुढची बाग स्वर्गाची, चार पाट तिथल्या चार नद्यांचे. कबरीच्या मधल्या अष्टकोनी दालनाभोवती आठ दालने आहेत. या रचनेला 'हश्त बिहिश्त', आठ स्वर्ग, म्हणतात. पश्चिमेला मशीद, तर पूर्वेला केवळ तोल साधायला तशीच दुसरी इमारत. तिचे नावच 'जवाब'.

इतक्या काटेकोर मांडणीत मध्यरेषेच्या बाजूला गेली ती एकच गोष्ट, खुद्द शाहजहानची कबर. मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. तिची कबर बरोबर मध्यरेषेवर आहे. तो १६६६ मध्ये गेला, तेव्हा त्याला तिच्या पश्चिमेला जागा दिली. तिथे आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सहली नेणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, ताजला निदान तीन तास द्या आणि संध्याकाळी मेहताब बागेत न्या. आणि संपादक महोदय, पुढच्या वेळी फोटोशेजारी साऱ्या परिसराचा नकाशा छापा. नदीच्या दोन्ही तीरांसह, प्रमाणात, उत्तर दिशा दाखवून तो मी काढून देतो.

आपला,
एक निवृत्त आरेखक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर